श्वासबाईंचा दुसरा प्रयत्न

माझ्या वहिनीला हॉस्पिटलात सगळे श्वासबाई म्हणतात. तिच्या तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. एमआरआयच्या विभागात ती तंत्रज्ञ आहे. काचेपलीकडे मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला ती माइकवरून दिवसभर सांगत असते, "श्वास आत घ्या... धरून ठेवा... हं, सोडा." आवाजात अशी काही जरब आणि माया आहे की मशीनमध्ये नसलेली माणसंही श्वास धरतात. एकदा बाहेर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी धरला आणि सोडायला सांगणारं कुणी नाही म्हणून ते लालबुंद होऊन बसले, असं तिथला वॉर्डबॉय सांगतो. खरं असेल नसेल, पण सांगतो छान.

मी तिची नणंद. घराच्या पुढच्या खोलीत माझं पडदे शिवायचं दुकान आहे. त्यामुळे घरात कोण कधी आलं आणि कुठल्या चेहऱ्याने आलं हे सगळ्यांत आधी मला कळतं. माझा दादा बस डेपोत मेकॅनिक. आणि आई घरीच असते. म्हणजे असते असं म्हणायचं. दुपारचं जेवण झालं की तिचा पत्ता लागणं कठीण.

वहिनी भौतिकशास्त्राची पदवीधर. पुढे डिप्लोमा करून तिने ही नोकरी धरली आणि आता तिशीच्या शेवटाला आली तरी ती त्याच खोलीत, त्याच काचेमागे. कामाचा तिला कंटाळा नव्हता. उलट त्या मशीनच्या पोटात नेमकं काय चालतं याचं तिला वेड होतं. नवं मशीन बसवायला कंपनीचे इंजिनिअर आले तेव्हा ही डबा तसाच ठेवून त्यांच्या मागे मागे फिरत होती. शेवटी त्यांतला एक वैतागून म्हणाला, "अहो मॅडम, हे सगळं एमएस्सीला शिकवतात. तिकडे जा ना, मला कशाला छळताय?"

त्याने वैतागून म्हटलं आणि हिने मनावर घेतलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विद्यापीठात वैद्यकीय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम होता. वर्ग संध्याकाळी, म्हणजे नोकरी सांभाळून जमण्यासारखा. फक्त प्रवेशपरीक्षा द्यावी लागणार होती. संगणकावरची. थोडे उतारे, थोडं गणित, थोडे तर्काचे प्रश्न.

"फक्त" हा शब्द तेव्हा तिनेच वापरला होता.

अभ्यास तिने मनापासून केला. ड्युटीवरून येताना बसमध्ये, भाजी निवडताना, दादाच्या घोरण्यात. सरावाच्या पुस्तकातली गणितं ती अशी सोडवायची की दादा डेपोत सांगून आला, "आमची मंडळी परीक्षा फोडणार." परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याने तिला मोटारसायकलवरून सोडलं, आणि दुपारी परत आणलं तेव्हा येताना आइस्क्रीमचा मोठा डबाही आणला. विचारलं काहीच नाही. त्याला गृहीतच होतं.

आम्ही चौघांनी वाट्या भरून घेतल्या. वहिनीने आपली वाटी शांतपणे संपवली, चमचा आत ठेवला आणि म्हणाली, "आइस्क्रीम छान होतं. परीक्षा नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आत गेल्यावर खिसे तपासले, फोटो काढला, दोन्ही बाजूंनी करड्या फळ्या असलेल्या एका कप्प्यात बसवलं. बसल्या बसल्या दात वाजायला लागले. उतारे कसेबसे झाले. गणिताचा तिसरा प्रश्न आला, साध्या शेकडेवारीचा. ती औषधाचं प्रमाण काढताना रोज असली गणितं करते. पण तो वाचता वाचता शब्द पडद्यावरून निसटायला लागले. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावत होतं. शेजारी कुणीतरी धडाधड बटणं दाबत होतं. तिने तोच प्रश्न परत वाचला, परत वाचला, आणि मान वर केली तेव्हा बराच वेळ गेला होता. मग हात बर्फ. पुढचे प्रश्न तिने डोळे मिटल्यासारखे ठोकले. शेवटी पडद्यावर विचारणा आली: गुण स्वीकारायचे की रद्द करायचे? ते ठरवायचं असतं गुण दिसण्याच्या आधी. तिने "रद्द" दाबलं.

"म्हणजे किती मिळाले ते कळणारच नाही?" दादाने विचारलं.

"नाही."

"बरे मिळाले असले तरी?"

"तरी."

दादाने उरलेलं आइस्क्रीम फ्रिजमध्ये ठेवलं. ते पुढे कुणी खाल्लं नाही. बर्फ साचून साचून शेवटी आईनेच टाकून दिलं.

वहिनीने पुस्तकं कपाटावर टाकली. रागाने नव्हे, जशी हिवाळा संपल्यावर आपण जाड पांघरुणं वर टाकतो तशी. तो विषय निघाला की ती हसून म्हणायची, "मला डोकं आहे गं, पण परीक्षेच्या दारात ते छत्रीसारखं बाहेर ठेवावं लागतं." आम्ही हसायचो. पण टीव्हीवर कुणी परीक्षेचं बोलायला लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि धुतलेली भांडी परत धुवायची, हे मी पाहिलेलं होतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. आणि मग आईच्या हाताला मुंग्या यायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, मानेत काहीतरी दबतंय, एमआरआय करून घ्या. आईला वाटलं, आपल्याच सुनेचं मशीन आहे, म्हणजे घरचंच काम. नटूनथटून निघाली. मी सोबत होते. वहिनीने मला काचेमागे आपल्या शेजारी बसू दिलं.

मानेचा एमआरआय म्हणजे चेहऱ्यावरून पिंजऱ्यासारखं एक झाकण बसवतात आणि डोक्याकडून आत सरकवतात. वहिनीच्या मदतनिसाने आईला झोपवलं, हातात रबराचा एक फुगा दिला, आणि काही त्रास झाला तर दाबा असं सांगितलं. आई आत गेली. मशीनचा पहिला ठोका पडायच्या आत इकडे घंटा वाजली. माझी आई, जिला मी आजवर कशालाच घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ती आतून ओरडत होती, "काढा मला! काढा आधी बाहेर!"

बाहेर आली ती घामाघूम. झाकण काढल्या काढल्या उठून बसली आणि पायांनी चपला शोधायला लागली. "मला नाही करायचं. मुंग्या आल्या तर येऊ देत. एवढी काय मोठी गोष्ट आहे?"

मला वाटलं, आता वहिनी तिला समजावणार, घाबरू नका, काही होत नाही वगैरे. ती तसलं काही बोलली नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.

"भीती वाटणारच, आई. बऱ्याच जणांना वाटते. आता मी तुम्हाला आत काय काय होणार ते सांगते, म्हणजे तुम्हाला नवं काही राहणार नाही. आधी दारावर कुणी ठोकल्यासारखा आवाज येईल. मग तो थांबेल. मग भिंतीत भोक पाडतात तसला येईल, तो सगळ्यात वाईट. तोही थांबतो. मधेमधे अगदी शांत असतं, तेव्हा मी तुमच्याशी बोलेन. आणि फुगा तुमच्या हातात आहे. तुम्ही दाबलात की मी बाहेर काढणार. का दाबलात म्हणून विचारणार नाही."

"आणि मी दहा वेळा दाबला तर?"

"तर दहा वेळा काढेन. माझी ड्युटी संध्याकाळपर्यंत आहे."

आईला हसू आलं. वहिनीने तिला आधी नुसतंच टेबलावर झोपवलं, झाकण न लावता. मग झाकण लावून, पण बाहेरच. मग हनुवटीपर्यंत आत आणि लगेच बाहेर. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल. मग पूर्ण आत. मी काचेतून बघत होते. आईची फुगा धरलेली मूठ आधी पांढरी पडली होती, ती हळूहळू सैल झाली. भोक पाडायचा आवाज सुरू झाला तेव्हा ती परत आवळली. वहिनी माइकवर म्हणाली, "हाच तो, आई. सांगितला होता ना, तो." मूठ सुटली.

फुगा एकदाही दाबला गेला नाही.

घरी येताना बसमध्ये आई खिडकीशी आणि वहिनी तिच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. आई आधी बाहेरची दुकानं बघत होती. मग एकदम म्हणाली, "काय गं, मी पहिल्यांदा पळाले तेव्हा तू मला नापास केलंस का?"

"नापास कसलं, आई? परत करायचं, एवढंच."

"मग स्वतःला का केलंस?"

वहिनी हातातल्या तिकिटांच्या घड्या घालायला लागली. आई म्हणाली, "मला जे स्टुलावर बसून सांगितलंस, ते तुला कुणी सांगितलं होतं का परीक्षेच्या आधी? नाही ना? आमच्या चिरंजीवांनी काय सांगितलं, तर फोडणार. तेवढ्यावर माणूस आत जाईल कसा?"

त्या आठवड्यात रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आईला मानेचे व्यायाम सांगितले, आणि वहिनीची पुस्तकं कपाटावरून खाली आली.

मी आजवर लोकांना हिमतीबद्दल पुष्कळ बोलताना ऐकलंय. वहिनी कधी बोलली नाही. तिने काय केलं ते मात्र मी रोज बघत होते. गणितं तिला येतच होती, तेव्हा नुसती गणितं वाढवून उपयोग नव्हता. तिला घाबरायची सवय करायची होती. म्हणजे घाबरून परत जागेवर यायची. त्यासाठी तिने माझं दुकान निवडलं. माझ्या शिलाई यंत्राच्या शेजारी छोटं टेबल, त्यावर दादाचा जुना संगणक, आणि सराव परीक्षा. "तू तुझं काम चालू ठेव," ती म्हणाली. "मुद्दाम कर आवाज."

आणि आईला तिने सुपरवायझर नेमलं. ही चूक झाली असं आम्हाला लवकरच वाटायला लागलं. आईने ते पद अंगात भिनवून घेतलं. वहिनीला खिसे उलटे करून दाखवायला लावायची, डोक्यातली पिन काढून बघायची, मी गिऱ्हाइकाला पडद्याचं माप विचारलं तरी मला "शांतता" म्हणायची. एकदा दादा पाणी प्यायला आला तर त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं. वेळ संपली की "वेळ संपली!" असं अशा काही आवाजात ओरडायची की रस्त्यावरची माणसं वळून बघत.

पहिल्या सरावात वहिनी तशीच गोठली. मी यंत्र चालवत असूनही मला कळलं, कारण तिचा श्वास ऐकू येईनासा झाला. ती उठली, तोंड धुवून आली. आई घड्याळ बघत होती, थांबवलं नाही. वहिनी परत बसली. गुण फारच वाईट आले. "पण मी परत बसले," ती म्हणाली. नंतर ती उठेनाशी झाली. जागच्या जागी हात खाली ठेवून डोळे मिटायची आणि पुटपुटायची. तेव्हा वेळ वाया जातोय हे बघून माझाच जीव खालीवर व्हायचा. तिला विचारलं तर म्हणाली, "तो वेळ जाऊ देणं हेच तर सगळ्यात अवघड आहे. मी त्याच्या मागे धावले की पडते."

दादाला तिने एकच गोष्ट सांगितली. "शाबासकी आधी देऊ नकोस. ती मला ओझ्यासारखी होते." दादा बिचारा एवढा गप्प झाला की चहा हवाय हेसुद्धा खुणेने सांगायला लागला.

परीक्षेच्या आधी एका दुपारी ती आईला घेऊन केंद्र बघायला गेली. मीही दुकान बंद करून गेले, कारण आई कुठे जाते आणि काय बोलते हे बघण्यासारखं असतं. जुन्या व्यापारी इमारतीत वरच्या मजल्यावर ते केंद्र. दारावरच्या रखवालदाराने अडवलं. "परीक्षार्थीशिवाय आत सोडत नाही."

"ही परीक्षार्थीच आहे," आई म्हणाली.

"आज परीक्षा नाही."

"म्हणूनच आज आलोय. परीक्षेच्या दिवशी हिला खोली बघायला वेळ कुठे असणार? अहो, लग्नाआधी मुलगा बघतात ना माणसं, की थेट मांडवातच बघतात?"

रखवालदार हसला आणि फसला. काचेच्या दारापर्यंत आम्हाला नेलं. आत करडे कप्पे, चाकांच्या खुर्च्या, त्यांतल्या काहींचे हात तुटलेले, छताला थंड हवेची जाळी. वहिनी काचेला नाक लावून बघत राहिली. मग दाराच्या फटीशी हात धरला. आतून गार हवा येत होती.

"मी त्या दिवशी कुठे बसले होते माहितेय? त्या जाळीच्या बरोबर खाली," ती म्हणाली. "मी थरथरत होते ती सगळी भीतीच समजले. त्यातली निम्मी थंडी होती गं!" आणि ती रखवालदारासमोर खळखळून हसली. घरी जाताना तिने स्वेटर विकत घेतला.

परीक्षेच्या सकाळी तिला उलटी झाली. हे मी सांगायलाच हवं, नाहीतर वाटेल की सगळी भीती सरावात विरघळून गेली होती. दादाचा चेहरा पडला. वहिनीने चूळ भरली, स्वेटर घेतला आणि म्हणाली, "आवाज सुरू झाला. चला."

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, एकदा नव्हे, पुष्कळदा, आणि दर वेळी आईने ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. उतारे बरे गेले. गणित सुरू झालं. तिसऱ्या प्रश्नाशी येण्याआधीच तिला ठाऊक होतं की तिथे काहीतरी होणार, आणि झालंच. प्रश्न वेगळा होता, पण शब्द तसेच निसटायला लागले. तिने माउसवरून हात काढला, दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि मनातल्या मनात, आईशी बोलली होती त्याच आवाजात, स्वतःला म्हटलं, हाच तो. सांगितला होता ना, तो. थोडा वेळ राहील, मग थांबेल. घड्याळ धावत होतं. तिने धावू दिलं. मग तो प्रश्न तसाच सोडून पुढच्यावर गेली. पुढचा सुटला. त्याच्या पुढचाही. अंगात ऊब आली.

आणि नेमकं तेव्हा तिच्या समोरचा पडदा काळा झाला.

तिने हात वर केला. पर्यवेक्षक धावत आला, तरुण मुलगा, त्याच्याच तोंडचं पाणी पळालेलं. त्याने बटणं दाबून बघितली, वायर ओढून बघितली. "मॅडम, सॉरी, असं कधी होत नाही, मॅडम." इथे मला वहिनीचं खरं कौतुक वाटतं. गेल्या वेळी शेजाऱ्याच्या बटणांच्या आवाजाने कोलमडलेली बाई, तिची अख्खी परीक्षा अंधारात गेली होती, आणि ती त्या मुलाला म्हणाली, "असू दे. आमचं मशीनही मधेच बंद पडतं. तुम्ही सावकाश बघा, घाई केली की आणखी बिघडतं." मशीन बंद पडणं हा तिच्या रोजच्या कामातला प्रकार. त्याला घाबरायचं तिला सुचलंच नाही. तो मुलगा यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत ती स्वेटरच्या बाह्या खाली ओढून शांत बसली. पडदा उजळला तेव्हा घड्याळ जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं, दिलेली उत्तरंही जागेवर होती. "मला फुकटची विश्रांती मिळाली," ती म्हणते. सोडलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे ती परत आली. तो तिला आला.

शेवटी तीच विचारणा पडद्यावर आली. स्वीकारायचे की रद्द करायचे? तिला काहीच खात्री नव्हती. "हात मात्र परत गार पडले," ती म्हणाली, "आणि या वेळी थंडीने नाही." तिने "स्वीकार" दाबलं.

गुण डोळे दिपवणारे नव्हते. उताऱ्यांत चांगले, गणितात बेताचे. तिच्या सरावातल्या सगळ्यात चांगल्या दिवसापेक्षा कमीच. दादाने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तो रस्त्यावर मोटारसायकल धरून उभा होता आणि त्याला अजून शाबासकीची परवानगी मिळाली नव्हती. वहिनी मागे बसली आणि म्हणाली, "आता दे." तो म्हणाला, "शाबास," आणि किक मारायचंच विसरला. पहिल्या फेरीत तिला प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या फेरीत मिळाला.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा पोरंपोरी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, प्राध्यापिका आल्या. हिने घाबरून "बसा, बसा" म्हटलं, त्यामुळे त्यांची आणखीच खात्री पटली. खरे सर येईपर्यंत कुणी तिच्या शेजारी बसलं नाही. आता त्यांतली निम्मी दर महिन्याला आमच्या दुकानात जेवायला असतात आणि माझे पडदे तुडवतात.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसा काचेमागे, संध्याकाळी वर्गात. परीक्षेच्या सकाळी अजून तिचा चेहरा उतरतो, अजून कधी कधी उलटी होते. आईला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं: सुपरवायझरची गरज संपली. "एखादी सराव परीक्षा तरी घेऊ दे," ती म्हणते. वहिनी म्हणते, "आई, माझ्या सरांपेक्षा तुम्ही कडक आहात, मला झेपत नाही."

परवा सत्रपरीक्षेचा पेपर देऊन ती आली. पिशवी खुंटीला लावली, ताटावर बसली. दादाने कसा गेला असं डोळ्यांनीच विचारलं. "एक प्रश्न सपशेल चुकला," ती म्हणाली. "तोही चुंबकाचा! रोज ज्याच्या शेजारी बसते तो." आणि मग तो प्रश्न काय होता, तिने काय लिहिलं, काय लिहायला हवं होतं, हे तिने ताटातल्या चमच्याने टेबलावर आकृती काढत आम्हा तिघांना समजावून सांगितलं. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. दादा अधूनमधून मान डोलवत होता. आईने तर दोन शंकाही विचारल्या.